गड उतरल्यावर मांड्या का दुखतात? आणि त्या दुखण्यातून निघालेला उपचार

पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक ठरलेला पेशंट येतो. रविवारी सिंहगड करून आलेला, सोमवारी बऱ्यापैकी हिंडलेला-फिरलेला आणि मंगळवारी सकाळी कठडा धरून, तिरका तिरका होत जिना उतरणारा. त्याचा प्रश्नही ठरलेला असतो : "डॉक्टर, चढताना दम लागला ते समजलं. पण उतरताना तर काहीच श्रम पडले नाहीत, मग मांड्या एवढ्या का भरून आल्या?"

प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मिळवायला शास्त्रज्ञांना बरीच दशके लागली आणि त्या शोधातून टाचेच्या एका चिवट दुखण्यावर उपचार निघाला.

आधी स्नायूंची गंमत समजून घेऊ. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना दम लागतो. तीच घागर दोराने हळूहळू खाली सोडताना दम लागत नाही, पण तळहाताला दोर काचतो. आपले स्नायूही ही दोन्ही कामे करतात. वजन उचलताना स्नायू आखडत जातो. वजन सावकाश खाली ठेवताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाता वजनाला आवरून धरत असतो. या दुसऱ्या कामाला इसेंट्रिक म्हणतात. गड उतरताना प्रत्येक पावलागणिक मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. तो सैल पडला तर गुडघा दुमडून आपण खाली बसू.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ याने 1902 साली बोटांच्या स्नायूंवर प्रयोग केले. दमल्यामुळे होणारे दुखणे आणि एक-दोन दिवसांनी सुरू होणारे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने ओळखले. दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी, असा त्याचा कयास होता. आजही अनेक जिमवाले या दुखण्याचे खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. ते ॲसिड व्यायामानंतर तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

मग 1952 साली लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी एक मजेदार प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल नेहमीसारखे पुढे मारायचे. दुसऱ्याचे पेडल त्यामुळे उलटे फिरू लागते, त्याने ते पायाने रोखायचा प्रयत्न करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण एकाचे स्नायू आखडतात आणि दुसऱ्याचे ताणले जातात. दोघांना लागणारा प्राणवायू मोजला, तेव्हा पेडल मारणाऱ्याला रोखणाऱ्यापेक्षा वेगानुसार साधारण अडीच ते पाचपट प्राणवायू लागला. रॉयल सोसायटीत याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा एका लहानखुऱ्या स्त्रीने फारसे कष्ट न घेता एका आडदांड पुरुषाला दमवून टाकले. प्रेक्षकांची चांगलीच करमणूक झाली म्हणतात!

इथे आमच्या गडवाल्या पेशंटला अर्धे उत्तर मिळते. ताणला जाणारा स्नायू थोड्याच तंतूंवर मोठे वजन पेलतो. म्हणून इंधन कमी लागते, दम लागत नाही. पण तेच वजन मोजक्या तंतूंच्या वाट्याला आल्यामुळे त्यांच्यावर ताण जास्त पडतो. स्वीडनमध्ये यान फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली जिने उतरून दुखावलेल्या पायांतला स्नायूचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तंतूंची आखीव रचना जागोजागी विस्कटलेली दिसली. हफचा कयास बराचसा खरा होता. मात्र हे नुकसान काही दिवसांत भरून येते आणि पुढच्या वेळी तेवढाच गड उतरलात तर दुखणे बरेच कमी असते. स्नायू शिकतो.

तरीही कित्येक वर्षे इसेंट्रिक व्यायामाकडे 'दुखापत करणारा' म्हणूनच पाहिले गेले. हे चित्र पालटायला एका डॉक्टरची टाच कारणीभूत झाली.

हाकान आल्फ्रेडसन हे स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांना धावण्याचा नाद होता आणि टाचेच्या वरची जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, सतत दुखत असे. विश्रांती, गोळ्या वगैरे करून झाले. त्यांनी वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेची मागणी केली, ती नाकारली गेली. मग या गृहस्थांनी एक अचाट बेत केला : टेंडन इतका ताणायचा की तो तुटलाच पाहिजे, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून, दुखऱ्या पायावर भार घेऊन ते टाच खाली सोडत राहिले, दुखले तरी. टेंडन तुटला नाही. उलट दुखणेच कमी होत गेले.

ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. तुम्ही मात्र असला बेत करू नका! एका माणसाच्या अनुभवावरून उपचार ठरत नाही, हे आल्फ्रेडसनही जाणून होते. त्यांनी असेच जुने दुखणे असलेल्या 15 हौशी धावपटूंना हा व्यायाम दिला. दोन्ही पायांवर टाच उचलायची, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन. हे दिवसातून दोनदा, रोज, 12 आठवडे. म्हणजे दिवसाला 180 वेळा. दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. 1998 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : पंधराच्या पंधरा जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, नेहमीचे उपचार केलेल्या 15 जणांना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली.

हा अभ्यास छोटा होता आणि नंतर इतरांना इतके झळझळीत यश मिळाले नाही, हे सांगायला हवे. 2015 साली डेन्मार्कमध्ये याची तुलना आठवड्यातून तीनदा करायच्या जड, सावकाश, वर-खाली दोन्ही दिशांच्या व्यायामाशी झाली. दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. माझ्या मते आल्फ्रेडसन यांचे मोठे काम आकड्यांत नाही. दुखऱ्या टेंडनला नुसती विश्रांती दिली तर तो आणखी कमजोर होतो, ही गोष्ट त्यांच्यामुळे डॉक्टरांच्या गळी उतरली. डेन्मार्कच्याच फुटबॉल संघांत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडीच्या मागच्या स्नायूला असाच ताणत रोखण्याचा व्यायाम देण्यात आला. तो करणाऱ्यांत त्या स्नायूच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52.

पण आमचे बहुतेक वाचक फुटबॉल खेळत नाहीत. त्यांच्यासाठी 2017 चा तैवानचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. साठीपुढच्या 30 स्थूल स्त्रियांचे दोन गट केले. एक गट जिना चढायचा आणि लिफ्टने खाली यायचा. दुसरा लिफ्टने वर जायचा आणि जिना उतरायचा. 12 आठवड्यांनी दोन्ही गटांना फायदा झाला, पण मांड्यांची ताकद, हाडांची घनता आणि रक्तातली साखर यांत उतरणाऱ्या बायका पुढे होत्या. दम मात्र त्यांनाच कमी लागला होता.

म्हणून चार पायऱ्या चढताच धाप लागणाऱ्या आजी-आजोबांना मी हल्ली सांगतो : लिफ्टने वर जा, जिन्याने खाली या. कठडा धरून, सावकाश, आधी एकच मजला आणि तोही आठवड्यातून दोनदा. गुडघ्याची झीज जास्त असेल, तोल जात असेल किंवा डोळ्यांना नीट दिसत नसेल तर हे करू नका. त्याऐवजी खुर्चीत बसताना धपकन बसू नका, मनात पाच आकडे मोजत बसा. टाच जिथे हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर पायरीखाली टाच सोडू नका, सपाट जमिनीवर व्यायाम करा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील, तर टेंडनवर जोर टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्या काळात तो तुटण्याचा धोका वाढतो. आणि मांड्या प्रचंड सुजून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मंगळवारची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.