हँडल हलतंय

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात पंक्चर काढणं हाताच्या सवयीचं काम, चाकाचा आऊट काढणं नजरेचं. पण कारागिराची खरी पारख व्हायची ती ‘हँडल हलतंय, जरा आवळून द्या’ म्हणत गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की. पुण्यात नारायण पेठेत माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच असायचे, छर्रे घासलेटात धुवायचं काम माझ्याकडे. ‘आवळून द्या’ ऐकताच पाना उचलणाऱ्याला दादा कारागीर मानत नसत. हँडल हललं तरी बिघाड हँडलमध्येच असतो असं नाही. चार वेगवेगळ्या जागांची ढिलाई तळहाताला सारखीच लागते, आणि भलतीच जागा आवळली तर दुखणं वाढतं. पुण्याच्या सायकलींविषयी खूप आठवणी लिहिल्या गेल्या. त्या सायकली ज्यांच्या जिवावर धावत होत्या त्यांच्या या विद्येविषयी मला फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने ओढ देणारी सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने ‘रोव्हर’ नावाने आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर केला आणि त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. ते तिकडून सायकली पाठवायचे आणि थोरले रामुअण्णा बेळगावात विकायचे. पुढचा लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या आधीचं दुकान महत्त्वाचं वाटतं. आटे, छर्रे, वाट्या, कोन ही यंत्राची बाराखडी आपल्या गावांतल्या कितीतरी हातांनी पहिल्यांदा गिरवली ती सायकलवरच.

पुण्यात सायकल वाढली ती नोकरदार आणि विद्यार्थ्यांमुळे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, पुढे पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्याकडे माणसं सायकलवर जायची. महापालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा, डबलसीट दिसली की पोलिसाची शिट्टी, हे सगळं त्या काळाचंच. आधी सायकली विलायती होत्या: रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस, हंबर. स्वातंत्र्यानंतर मद्रासला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स उभी राहिली, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. पेठेतल्या कारागिरासमोर ही सगळी घराणी एकाच दिवशी यायची आणि त्यांचे सुटे भाग एकमेकांना लागतीलच असं नव्हतं. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या हेडला, म्हणजे हँडलखालच्या फिरत्या सांध्याला, इंचात २६ आटे, बाकी बहुतेक विलायती सायकलींना २४. डोळ्यांना फरक कळत नाही. चोविसाचं नट सव्विसावर दोन फेरे गोडीने चढतं, मग अडतं. तिथे जोर लावला की चिमट्याचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे, आटे कातरले जातात आणि ते हेड पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. म्हणून दादांकडे रॅलेची नटं वेगळ्या डब्यात असायची आणि त्या डब्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

आता तपासणीकडे येते. रॉडब्रेकच्या काळ्या सायकलचं हँडल आणि त्याची उभी नळी एकमेकांना झाळून एकच केलेली असते. ती नळी चिमट्याच्या नळीत उतरते. तिच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो आणि त्याच्या खालच्या टोकाला निमुळता कोन असतो. वरून बोल्ट आवळला की कोन वर चढतो, नळीचं खालचं चिरलेलं तोंड फाकतं आणि आतून पकड बसते. दादा आधी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरत आणि हँडल पिळत. हँडल वळलं आणि चाक जागचं हललं नाही, तर दोष या बोल्टचा. मग तो नुसता आवळायचा नाही. थोडा सैल करायचा, डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलका ठोका द्यायचा, कोन खाली सुटला की नळी बाहेर काढायची, गंज पुसायचा, ग्रीस लावायचं आणि मगच बसवायची. गंजलेल्या नळीवर बोल्ट करकचून आवळला तर चिमट्याची नळी आतून फुगते. हँडल फार उंच घेतलं असेल तर कोन नेमका आट्यांच्या जागी येतो, आणि आटे पाडल्याने तिथला पत्रा आधीच पातळ झालेला असतो. नळी फाटते ती तिथेच. उंच हँडलची हौस असलेल्या गिऱ्हाइकाला दादा हे काढून दाखवत, तेव्हाच त्याला पटायचं.

हँडल पिळून वळलं नाही, तर दुसरी जागा हेडची. पुस्तकात लिहिलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. रॉडब्रेकला हे चालत नाही, कारण त्या ब्रेकच्या सांध्यांतच इतकी ढिलाई असते की नक्की काय हललं ते कळत नाही. दादा चाक दुकानाच्या पायरीला टेकवत, डाव्या हाताची तर्जनी खालची वाटी आणि चिमटा यांच्या फटीवर ठेवत आणि उजव्या हाताने हँडल ढकलत. “कानाने नाही, बोटाने ऐक,” म्हणायचे. ते माझं बोट तिथे ठेवायचे. वाटी ढिली असेल तर फट उघडते-मिटते आणि कट् असा बारीक धक्का नखाखाली येतो. बोट स्वस्थ राहिलं, तर सायकल उचलून चाक वरच्या बाजूला धरायचं आणि आडवं हलवायचं. चाकाच्या एक्सलचा कोन सुटलेला असला तरी गिऱ्हाईक ‘हँडल हलतंय’ असंच सांगतं.

तिन्ही जागा निर्दोष निघाल्या की दादा गप्प व्हायचे. तेव्हा संशय तड्याचा. हँडलच्या जोडावर घासलेट चोळायचं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचं आणि वर खडू फासून सायकल बाजूला ठेवायची. तडा असेल तर आत मुरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. गवळ्यांच्या सायकलींवर ही रेघ मी पाहिली आहे, हँडलला दोन्हीकडे दुधाच्या बरण्या अडकवून त्या वर्षानुवर्षं चाललेल्या असत. असं हँडल झाळून द्या म्हणून कोणी कितीही विनवलं तरी दादा देत नसत. जुनं हँडल गिऱ्हाइकाच्या परवानगीने ठेवून घ्यायचे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाकडे झाळायला जायला नको.

एक दुखणं याच्या अगदी उलट. हँडल ढिलं नसतं, ते सरळ रेषेत आलं की खटकन बसतं आणि तिथून वळवायला जोर लागतो. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के वाटीतल्या त्याच त्या जागांवर बसतात आणि प्रत्येक छऱ्याखाली एकेक खळगा पडतो. ढिल्या हेडमध्ये तर हे फार लवकर होतं. अशी वाटी पुसून उजेडात धरली की खळग्यांची माळ स्पष्ट दिसते.

१९७२ मध्ये चेतक स्कूटर आली, लुना मोपेडही आली, चेतक तर पुण्याच्याच परिसरातल्या कारखान्यातून. नोकरदार गिऱ्हाईक तिकडे गेलं. तासावर सायकली देणारी दुकानं एकेक करून मिटली, दादा शेवटी फक्त मुलांच्या सायकली दुरुस्तीला घेत. १९९० च्या दशकात बिनआट्यांचं हेड पसरत गेलं. त्यात हँडलची पकड बाहेरून, बाजूच्या स्क्रूंनी. डोक्यावरच्या टोपीचा स्क्रू फक्त छऱ्यांवरचा दाब ठरवतो. बाजूचे स्क्रू सैल न करता टोपीच पिळत बसलेले तरुण मी आजही पाहते. त्यांना थांबवून मी सांगते: आधी बाजूचे सैल कर, मग टोपीने ढिलाई काढ, चाक-हँडल एका रेषेत आण आणि मग बाजूचे आवळ. फटीवर बोट ठेवायला मात्र इथेही लागतंच.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं संग्रहालय उभं केलं, हे फार मोठं काम झालं. त्याच्या जोडीने पेठांतल्या उरलेल्या कारागिरांच्या हातातलं टिपून ठेवायला हवं, आणि ते आत्ताच, कारण त्यांतले बहुतेक सत्तरीपुढचे आहेत. त्यांचं आपसांतही एकमत नसतं. खळगे पडलेली वाटी थोडी फिरवून पुन्हा ठोकायची की फेकायची, यावर दादा आणि शनिवार पेठेतले त्यांचे मित्र शेवटपर्यंत वाद घालत. मित्र म्हणायचे, फिरवली की खळगे नव्या जागी जातात, गरिबाचं एक वर्ष निघतं. दादा फेकायचे. पैसे नसतील तर जुनी पण चांगली वाटी डब्यातून काढून फुकट बसवायचे. मी दादांच्या बाजूची आहे, पण फिरवलेल्या वाटीवर खडकीपर्यंत जाऊन-येऊन नोकरी केलेली माणसंही मी पाहिली आहेत.