स्वीडनचे मीटबॉल खरोखरच तुर्कस्तानातून आले का?

१/ एप्रिल २०१८. स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने एक कबुली दिली : स्वीडिश मीटबॉलची कृती मूळची स्वीडिश नव्हे, अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बारावा चार्ल्स याने ती तुर्कस्तानातून आणली. जगभर बातम्या झाल्या. मात्र विधानासोबत एकही समकालीन कागद पुढे ठेवला गेला नाही. मग इतिहास काय सांगतो?

२/ राजाचा तुर्कस्तानशी संबंध निर्विवाद आहे. १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या रणांगणावर रशियाच्या पीटर द ग्रेटने स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडवला. जखमी चार्ल्सने ओट्टोमान साम्राज्याचा आश्रय घेतला आणि बेंडर येथे (आजच्या मोल्दोव्हात) तळ ठोकला.

३/ पाहुणा काही केल्या हलेना. अखेर १७१३ च्या आरंभी सुलतानाच्या फौजेने छावणीवर चाल करून त्याला ताब्यात घेतले. या प्रसंगातून स्वीडिश भाषेला ‘कालाबालिक’ हा शब्द मिळाला. तुर्कीत त्याचा अर्थ गर्दी. स्वीडिशमध्ये गोंधळ, हलकल्लोळ!

४/ १७१४ मध्ये चार्ल्सने ओट्टोमान भूमी सोडली. पण कर्ज फिटले नव्हते. वसुलीसाठी सावकार त्याच्या मागोमाग स्वीडनला पोहोचले आणि वर्षानुवर्षे तेथे राहिले. दोन देशांच्या स्वयंपाकघरांची गाठ पडण्यास हा काळ पुरेसा होता.

५/ त्याचा एक ठळक ठसा म्हणजे ‘कोलदोल्मार’. तुर्की डोल्म्यातील द्राक्षाच्या पानाची जागा स्वीडनमध्ये कोबीच्या पानाने घेतली. साहित्य बदलले, नाव मात्र टिकले. नाव हाच येथे पुरावा.

६/ मीटबॉलची गोष्ट वेगळी. स्वीडिश नाव ‘शॉटबुल्लार’ : ‘शॉट’ म्हणजे मांस, ‘बुल्ले’ म्हणजे गोळा. दोन्ही शब्द स्वीडिश. तुर्की ‘कोफ्ते’चा मागमूस नाही. काइसा वार्ग हिच्या १७५५ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात हा पदार्थ भेटतो. तोवर राजाच्या मृत्यूला सदतीस वर्षे लोटली होती.

७/ शिवाय मांस बारीक करून गोळे वळण्याची कल्पना कोणा एका देशाची नाही. प्राचीन रोमच्या ‘एपिसियस’ या पाकग्रंथातही अशा गोळ्यांच्या कृती आहेत. म्हणून तुर्की प्रभाव शक्य आहे, सिद्ध नाही. इतिहासात या दोन शब्दांमधील अंतर फार मोठे असते.

८/ खरी क्रांती राजाने नव्हे, यंत्राने केली. पूर्वी मांस सुरीने हातानेच बारीक करावे लागे. वेळ आणि नोकरचाकर असलेल्या घरांचेच हे काम. एकोणिसाव्या शतकात खिमा करण्याचे यंत्र आणि लोखंडी चूल आली, तेव्हा हा पदार्थ सामान्यांच्या घरात शिरला.

९/ घरची रीत आजही साधी आहे. पावाचा चुरा दुधात भिजवायचा. त्यात गाय व डुक्कर यांच्या मांसाचा खिमा, परतलेला कांदा, अंडे, मीठ, मिरी आणि ऑलस्पाइस मिसळायचे. ओल्या हातांनी लहान गोळे वळून लोण्यात तांबूस परतायचे. दुधात भिजलेला चुरा ओलावा धरून ठेवतो, म्हणून गोळे मऊ राहतात. सोबत सायीचा रस्सा, बटाटे आणि लिंगनबेरीचा आंबटगोड मुरंबा.

१०/ या एका ताटलीतही जग सामावले आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, ऑलस्पाइस कॅरिबियन प्रदेशाचा, लिंगनबेरी मात्र उत्तरेच्या रानातली. ‘अस्सल’ पदार्थही असा अनेक वाटांनी घडत जातो.

११/ आणि मराठी? आपला ‘खिमा’ हा शब्द मुळात तुर्की ‘कियमा’चा, तर ‘कोफ्ता’ फारसीतील ‘कुटणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला. पाककृतीचा प्रवास क्वचितच कागदावर नोंदला जातो. शब्द मात्र, ऐकणारा असेल तर, साक्ष देत राहतात. आणि जिथे शब्दही गप्प असतात, तिथे इतिहासकाराने घाईने राजाचे नाव घेऊ नये.