अर्धा इंच म्हणजे नक्की किती?

मंडळी, या शनिवारी प्रोग्रॅमिंग नाही, की पुण्याच्या ट्रॅफिकवर चिडचिडही नाही. आज विषय आहे नळ.

लग्नानंतर घरातली दुरुस्ती मी बायकोकडून शिकतोय. ती मेकॅनिकलची, मी कॉम्प्युटरचा. आमचा भाड्याचा फ्लॅट १९७८ सालच्या बिल्डिंगमधला. बाथरूममधला नळ गळायला लागला, तेव्हा प्लंबरने भिंत फोडून पाइपच बदला म्हणून सांगितलं. म्हणजे मालकाची परवानगी आली, आणि डिपॉझिट परत मिळेल याचा भरवसा गेला. बायकोनं नळ काढून आत बोट फिरवलं. म्हणाली, "आटे चांगले आहेत रे. जा, अर्ध्या इंचाचा नळ घेऊन ये. कुठल्याही कंपनीचा."

कुठल्याही? माझ्या धंद्यात गेल्या वर्षीची लायब्ररी यावर्षी चालेल याची खात्री कोणी देत नाही! पण आणला. टेफलॉन टेप कशी गुंडाळायची तेही शिकलो. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. नळ बसला. भिंत शाबूत.

मग जुना नळ घेऊन मी तिच्या व्हर्नियरने मोजत बसलो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नव्या नळाच्या पाकिटावर लिहिलंय १५ मिमी. आणि आट्यांची बाहेरची जाडी भरली जवळजवळ २१! तीन आकडे, तिन्ही वेगळे. हा काय प्रकार, म्हणून शोधत गेलो तो थेट मँचेस्टरला पोचलो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना स्वतःच्या मर्जीने आटे पाडायचा. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईलच असं नाही. मशीन बिघडलं की ज्याने बनवलं त्याच्याच दारात जायचं. (आपल्याकडे याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात.) जोसेफ व्हिटवर्थ हा लंडनला हेन्री मॉडस्लीच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. १८३३ साली त्यानं मँचेस्टरला स्वतःचं वर्कशॉप काढलं. पुढे बऱ्याच कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरळ सरासरी काढली! आट्याचा कोन आला ५५ अंश. हे सगळं त्यानं १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडलं.

मला यातली गंमत अशी वाटते, की त्यानं सगळ्यात 'उत्तम' आटा शोधायचा प्रयत्नच केला नाही. सगळ्यांना थोडं थोडं बदलावं लागेल आणि कोणालाच फार नाही, असा आकडा काढला. आमच्या मीटिंगांमध्ये हे कधी जमलेलं मी पाहिलं नाही. अर्थात व्हिटवर्थ काही साधुसंत नव्हता, आटे पाडायची हत्यारं तो स्वतःच विकायचा :) रेल्वेच्या कारखान्यांनी त्याचा आटा उचलला, आणि इंग्रजी राज्य जिथे गेलं तिथे तो गेला.

हाच ५५ अंशांचा आटा पाइपांनाही आला. 'अर्धा इंच' हे मुळात लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं माप. पुढे लोखंड सुधारलं, पाइपाची भिंत पातळ करता आली. पण आटे असतात बाहेरून. बाहेरची जाडी बदलली तर जुनं काहीच बसणार नाही. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं आणि आतली पोकळी वाढू दिली. आता अर्धा इंच उरलाय फक्त नावात. १९५६ च्या कायद्यानं आपण मेट्रिक झालो, तोळे-शेर गेले. नळाला '१५ मिमी' हे नवं नाव मिळालं, आटा तोच राहिला. भारतीय मानकात, आयएस ५५४ मध्येही तो आहे, आणि अर्ध्या इंचाला आजही इंचात १४ आटे आहेत. १९७८ चा पाइप आणि आताचा नळ यांची सोयरीक जमते ती यामुळे.

अमेरिकेचं वेगळंच. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा आटा मांडला. कारागिराला पाडायला सोपा, हे त्याचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रं एका बाजूने लढत होती, पण त्यांचे बोल्ट एकमेकांत जात नव्हते. शेवटी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं नटबोल्टांसाठी एक सामाईक आटा ठरवला. पाइपांना मात्र कोणी हात लावला नाही. ते आधीच भिंतींत होते ना!

त्यामुळे अमेरिकेतला भाऊ 'येताना छान नळ आणतो' म्हणाला, तर त्याला चॉकलेटं आणायला सांगा. तिथल्या अर्ध्या इंचालाही इंचात १४ च आटे आहेत, त्यामुळे तो आपल्या पाइपात फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. पण ५५ आणि ६० अंश एकमेकांना धरून बसत नाहीत. पाणी सोडलं की कळतं.