तंजावरच्या सत्रांतील वैद्य

इ. स. १७९९ च्या तहाने तंजावरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रज कंपनीच्या ताब्यात गेले. दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा मुलूख आणि ठरीव नेमणूक एवढेच काय ते उरले. राज्य गेलेल्या राजाने दिवस कसे घालवावेत, याचे ठराविक मार्ग त्या काळी पुष्कळ होते. सरफोजीराजांना मात्र चिंता पडली ती सत्रांची.

सत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. काशीहून रामेश्वरास जाणारी यात्रा तंजावर प्रांतातून जाई आणि त्या वाटेवर भोसल्यांनी जागोजाग सत्रे बांधली होती. इ. स. १८०१ च्या जानेवारीत राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास जे पत्र लिहिले, त्यात या सत्रांची सविस्तर हकीकत आहे. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येकास अन्न मिळे. तान्ह्या मुलांना दूध मिळे, गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई आणि पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हवाली करून वाढविले जाई. शिवाय प्रत्येक सत्रात वैद्य नेमलेले असत. रोग, सूज आणि विषारी जनावरांचा दंश यांवर इलाज करणारे जाणते लोक तेथे होते. आजारी वाटसरूस बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. तो दगावलाच, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होई.

भातशेतीच्या, पाण्याने भरलेल्या या प्रांतात सर्पदंश ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. अशा वेळी शहरातला नामांकित वैद्य काय कामाचा? माणूस वाटेवर पडला, तर औषधही वाटेवरच हवे. परंतु वैद्याने आडवाटेस जाऊन राहावे, तर त्याच्या पोटाची सोय तेथेच झाली पाहिजे. गुणी माणूस शोधणे त्या मानाने सोपे, त्याला तेथे टिकविणे कठीण. सत्रांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नाने ही अडचण दूर केली होती. म्हणूनच ही दानधर्माची व्यवस्था मोडू नये, असे राजांचे कंपनीपाशी आग्रहाचे सांगणे होते. धर्मराज्य हे तंजावरचे नाव त्यांना आपल्या साऱ्या मानमरातबाहून मोठे वाटे. पुढे १८०२ मध्ये त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबा हिच्या नावाने नवे सत्र उभारले आणि तेथे विद्यादानाचीही सोय केली.

राजांचा वैद्यकाचा नाद केवळ दानधर्मापुरता नव्हता. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने धन्वंतरी महाल काढला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र आणले. जे औषध गुणकारी ठरले, त्याची नोंद ठेवण्यात आली आणि कवींकडून ते योग तामीळ पद्यात बांधवून घेण्यात आले. ही युक्ती मोठी व्यवहारी होती. तामीळ वैद्य विद्या मुखोद्गत करीत. पोथी जवळ नसली तरी पद्य ओठांवर राही.

नेत्ररोगांच्या बाबतीत तर राजांनी स्वतः हात घातला. डॉक्टर मॅकबीन या इंग्रज वैद्याच्या साहाय्याने मोतीबिंदूसारख्या विकारांवर शस्त्रक्रिया झाल्या. चव्वेचाळीस रुग्णांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात सापडली आहेत. रुग्णाची लक्षणे, केलेला उपचार, आणि काहींच्या डोळ्यांची रंगीत चित्रेसुद्धा त्यांत आहेत. इतकी काटेकोर नोंद त्या काळच्या दरबारात विरळाच.

या उद्योगात एक उणीव मात्र होती. सारा डोलारा एका माणसाच्या हौसेवर उभा होता. वैद्य घडवीत राहील अशी, राजाच्या पश्चात टिकणारी पाठशाळा धन्वंतरी महालातून निघाली नाही. १८३२ मध्ये सरफोजीराजे वारले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे निधन पावले आणि कंपनीने वारसा नामंजूर केला. सत्रांचा कारभारही कालांतराने सरकारकडे गेला. औषधयोगांची बाडे तेवढी सरस्वती महालात राहिली. विसाव्या शतकात ग्रंथालयाने ती ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने भागाभागांनी छापली.