अकरा जणांना पाठवा

छत्तीसगड वेगळं राज्य झालं १ नोव्हेंबर २००० रोजी, पण मोबाइलच्या परवान्यांत रायपूर अजूनही मध्य प्रदेश सर्कलमध्येच आहे. त्यामुळेच असेल, इंदूरच्या फ्लॅटांचे आणि भोपाळच्या क्लासांचे मेसेज इमानेइतबारे माझ्या फोनवर येऊन पडतात. परवा एकाच दुपारी कर्जाचे तीन, प्लॉटचा एक आणि रमीचा एक असे पाच आले. सहावा शेजारच्या काकूंचा. देवीचा फोटो, खाली चार ओळी आणि शेवटी हुकूम: अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता कळेल.

पहिल्या पाचांना आपण स्पॅम म्हणतो, सहाव्याला फॉरवर्ड. माझ्या हिशेबी सहावा हा त्या पाचांचा आजोबा आहे.

हा आजोबा मी पहिल्यांदा पाहिला तो पोस्टकार्डावर. आमचं घर तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला, शुक्रवारचा उपास आणि गूळ-चणे घरोघर पोहोचले, आणि पुढची कितीतरी वर्षं दाराच्या फटीतून संतोषी मातेची कार्डं येत राहिली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, अक्षर अनोळखी, हिंदी मोडकं. ज्याने कार्डं लिहिली त्याला लॉटरी लागली, ज्याने फाडलं त्याचा धंदा बुडाला. कार्ड तेव्हा पंधरा पैशांना होतं, म्हणजे शापातून सुटका एक रुपया पासष्ट पैशांत. शिवाय अकरा वेळा तोच मजकूर लिहायचा. आजी एकदा आलेलं कार्ड हातात धरून बराच वेळ बसली होती. "देवीचं नाव आहे रे, जाळता येत नाही," म्हणाली. शेवटी निर्माल्याबरोबर ते बुढा तलावात सोडलं. नंतरची सगळी कार्डं त्याच वाटेने गेली. आमच्या घराचा स्पॅम फोल्डर म्हणजे बुढा तलाव.

अकराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाने आज्ञा पाळली तर आठव्या फेरीला कार्डं होतात २१ कोटी ४३ लाख आणि नवव्या फेरीला २३५ कोटींच्या वर. १९८१च्या जनगणनेत सगळा देश ६८ कोटींच्या घरात होता. साखळी नवव्या फेरीपर्यंत पोहोचली नाही, कारण मधे आजीसारखी माणसं होती.

ही युक्ती काही आपल्या देवीच्या भक्तांना सुचलेली नव्हे. १८८८ साली शिकागोमध्ये मेथडिस्ट पंथाच्या, धर्मप्रसारक बायका तयार करणाऱ्या एका शाळेवर कर्ज झालं, तेव्हा तिने पत्रं धाडली: दहा सेंट द्या आणि या पत्राच्या तीन नकला मैत्रिणींना पाठवा. त्यात शाप नव्हता, पुण्य होतं. १९३५च्या मंदीत अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहरात पुण्यही गळलं आणि निव्वळ लोभ उरला. यादीतल्या पहिल्या नावाला दहा सेंट पाठवा, त्याचं नाव खोडा, तळाला आपलं घाला, नकला पाच जणांना. डेन्व्हरचं पोस्ट ऑफिस त्या पत्रांखाली अक्षरशः दबून गेलं. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला आलं, किंमत पाव आणा. इतकं स्वस्त आणि इतकं उघडं टपाल मिळाल्यावर ही साखळी इथे रुजली नसती तरच नवल.

पण या सगळ्यांत पाठवणाऱ्याचे पैसे जात होते. म्हणून तर पुण्य, लॉटरी किंवा शाप, काहीतरी जोडावं लागे. एरवी कोण कशाला अकरा कार्डं लिहील? ज्याच्याकडे पैसे होते त्याला शापाची गरज पडत नसे. १८६४च्या मे महिन्यात लंडनमधल्या पुढाऱ्यांच्या घरी संध्याकाळी तार आली. तार म्हणजे वाईट बातमी, तेव्हा काळजात धस्स झालंच असणार. उघडून पाहतात तर हार्ली स्ट्रीटवरच्या गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच उघडा राहील, ही सूचना. 'टाइम्स'मध्ये तक्रारीचं पत्र छापून आलं. जाहिरात कोणी वाचली असो वा नसो, त्या वैद्यांनी तारेचे पैसे मात्र मोजले होते.

हे मोजणं संपलं ३ मे १९७८ला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेट या तेव्हाच्या संगणकजाळ्यावरच्या चारेकशे लोकांना एकदमच धाडलं. पत्ते इतके झाले की त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावले नाहीत, उरलेले खालच्या मजकुरात सांडले. बोलणी पुष्कळ खाल्ली. संगणकही विकले गेले, असं ते पुढे अभिमानाने सांगत.

तेव्हा या प्रकाराला नाव नव्हतं. नाव आलं डब्यातल्या मांसावरून. हॉर्मेल कंपनीने १९३७ साली 'स्पॅम' बाजारात आणलं, महायुद्धात ब्रिटनने ते कंटाळा येईपर्यंत खाल्लं, आणि १९७०च्या डिसेंबरात मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीने खानावळीचा एक प्रवेश केला, ज्यात हर पदार्थात स्पॅम आणि त्याचाच गजर इतका, की दुसरं बोलणंच ऐकू येत नाही. संगणकावर गप्पा मारणाऱ्या पोरांनी तो शब्द उचलला. १९९४च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या दोघा वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकदम चिकटवली, तेव्हा तो जगभर झाला. आमच्या तात्यापाऱ्यात तो फार उशिरा आला, तोही ट्रूकॉलरच्या लाल पट्टीवर. तोवर आम्ही 'कंपनीवाल्याचा फोन' म्हणत होतो, आणि तो शब्द काही वाईट नव्हता.

मेघदूत कार्ड आठवतं का? २००२ साली पोस्ट खात्याने काढलं. साधं कार्ड पन्नास पैशांना, हे पंचवीसला, कारण पत्त्याच्या बाजूच्या अर्ध्या जागेत जाहिरात छापलेली. टपाल स्वस्त देऊ, मोबदल्यात तुमच्या पत्रावर आम्ही दुसऱ्याचं दुकान मांडू. फुकट ईमेल देणाऱ्या कंपन्यांचा धंदा याहून फारसा वेगळा नाही. मात्र मेघदूताने माझं पत्र वाचून जाहिरात ठरवली नव्हती.

सरकारने उपाय केले नाहीत असं नाही. २००७मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदवही आली, पुढे १९०९ हा तक्रारीचा नंबर. २७ सप्टेंबर २०११पासून एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस असा नियम झाला, तेव्हा विक्रेत्यांच्या आधी कॉलेजची पोरं ओरडली. महिन्याभरात शंभराचे दोनशे करावे लागले. २०२५पासून कंपनीच्या मेसेजच्या नावाला शेपटी असते: जाहिरात असेल तर 'पी', सेवेचा असेल तर 'एस', व्यवहाराचा असेल तर 'टी', सरकारी असेल तर 'जी'. शेपटी पाहून जनावर ओळखायचं.

ज्याला शेपटी नाही ते जनावर मात्र जुन्याच कुळातलं. बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. घाबरून खरा नंबर शोधायला जावं, तर शोधाच्या निकालातही कोणा ठगाचाच नंबर वर येऊन बसलेला असू शकतो. मी असा मेसेज पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीच्या हातातलं कार्ड दिसलं. वर देवीच्या जागी वीज कंपनी किंवा बँक, मधे मुदत, खाली शाप. पाठवणं फुकट झाल्यावर शापाचं काम संपायला हवं होतं. तो उरला, कारण आता त्याच्याकडे दुसरं काम आहे: आपल्याकडून ओटीपी काढून घेण्याचं.

आणि अकराचा आकडा? १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. अशा अफवा फोनवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा आणली. २०२०च्या एप्रिलपासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

काकू परवा हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. "अरे, हा एकालाच जाऊन राहिलाय. अकरा कसे करू?" मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो. मग चष्मा पुसून त्या पायरीवर बसल्या आणि एकेक नाव शोधून एकेकाला पाठवू लागल्या. मधेच वहिनींचा फोन आला, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पाऊण तास लागला. अकरावं नाव सापडेना, तेव्हा माझा फोन वाजला.