ब्रिटनचा दरवाजा आणि परदेशचा जोडीदार



आपल्या गावात आज अशी पुष्कळ घरे आहेत की जिथला मुलगा वा मुलगी परदेशी स्थायिक झाली आहे. अशा घरात लग्न ठरले, म्हणजे मुहूर्ताच्या आधी व्हिसाची चर्चा सुरू होते. भेटीचा काढावा की लग्नाचा? सहा महिने जाऊन राहावे, मग पुढचे पुढे पाहू, असे कोणी वडीलधारे सुचवतात. कोणी एजंट गाठतो. हा प्रश्न वकिलाचा, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की, तो आधी इतिहासाचा आहे. अर्जातील प्रत्येक रकाना कोणाच्या ना कोणाच्या संशयातून जन्मला आहे, आणि तो संशय ठाऊक नसेल तर रकाना नीट भरता येत नाही.

मी उदाहरण ब्रिटनचे घेतो. त्या दाराशी आपला संबंध जुना आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळच मुळी १९३२ सालचे.

१९४८च्या नागरिकत्व कायद्याखाली राष्ट्रकुलातील कोणाही नागरिकाला ब्रिटनमध्ये जाण्यास, राहण्यास व काम करण्यास मोकळीक होती. युद्धानंतर तिकडे माणसे हवी होती, म्हणून दार उघडे राहिले. १ जुलै १९६२ पासून नवा कायदा अमलात आला आणि मजूर खात्याच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. नोकरी आधीच ठरलेल्याला 'अ' चिठ्ठी, हातात कसब असलेल्याला 'ब', आणि नुसते हातच असलेल्याला 'क'. गिरणीच्या दारावरचे बदली कार्ड ज्याने पाहिले आहे, त्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. मालकाला गरज असेल तेव्हा कार्ड चालते, नसेल तेव्हा माणूस दारात उभा राहतो. १९६५च्या श्वेतपत्रिकेने 'क' वर्ग बंदच केला आणि बाकीच्या चिठ्ठ्या वर्षाला ८,५०० वर आणून ठेवल्या.

परंतु कामगाराला बायकामुले असतात. बायको आणि सोळा वर्षांखालील मुले यांना मागून येण्याचा हक्क १९६२च्या कायद्याने ठेवला होता. मजुरीचे दार जसजसे लोटले गेले, तसतसे कुटुंबाचे दार तेवढे उघडे उरले. साहजिकच सरकारचा सारा पहारा त्या दाराशी येऊन बसला. पुढच्या साऱ्या कथेचे मूळ इथे आहे.

१९६९ साली दोन गोष्टी झाल्या. तिकडे राहणाऱ्या स्त्रीने इकडून नवरा बोलावून घेणे जवळजवळ बंद करण्यात आले. आणि मागून जाणाऱ्या बायकामुलांनी मायदेशीच्या ब्रिटिश कचेरीतून प्रवेशाचा दाखला आधी मिळवलाच पाहिजे, असे ठरले. पहिल्या गोष्टीमागचा विचार सरळ होता: बायको येते ती नवऱ्याच्या घरी येते, आणि नवरा येतो तो मजूर म्हणून येतो! (बायका कारखान्यांत राबत नव्हत्या असे या मंडळींना वाटत असेल, तर १९७६ साली लंडनच्या ग्रनविक कारखान्यातून जयाबेन देसाई संपावर बाहेर पडल्या तेव्हा त्यांचा गैरसमज दूर झाला असावा.) नवऱ्यांवरची बंदी १९७४ मध्ये रॉय जेंकिन्स यांनी उठवली. दाखल्याची अट मात्र राहिली, आणि कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. मुलाखतीसाठीच महिनोन्‌महिने थांबावे लागे.

आता हे ध्यानात घ्या. लग्न झालेल्या बायकोला दाखला आणि रांग; पण जी अजून वाग्दत्त आहे, जी तिकडे जाऊन तीन महिन्यांत लग्न करणार आहे, तिला मात्र असा दाखला आधी घेण्याची सक्ती नव्हती. विमानतळावर उतरून तिने तसे सांगितले की पुरे. एका घराला दोन दारे. एकापुढे लांबलचक रांग, दुसरे मोकळे. तेव्हा मोकळ्या दाराने येणारी प्रत्येक बाई रांग चुकवूनच आली असणार, हा तर्क तिथल्या अधिकाऱ्यांच्या मनात मूळ धरून बसला.

२४ जानेवारी १९७९ रोजी पस्तीस वर्षांची एक भारतीय स्त्री लग्नासाठी म्हणून हीथ्रो विमानतळावर उतरली. ती आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला. वाग्दत्त वधू असेल तर ती कुमारिका असलीच पाहिजे, असे गृहीत धरून डॉक्टरकरवी तिची कौमार्य-तपासणी करण्यात आली. परत पाठवतील या भीतीने तिने होकार दिला होता. त्या होकाराला होकार म्हणायचे की नाही, हे आपण आपल्याशी ठरवावे. १ फेब्रुवारीला 'गार्डियन' पत्राने ही हकीकत छापली. ब्रिटनमधील भारतीय कामगारांच्या आणि स्त्रियांच्या संघटना उठल्या, आपल्याकडेही संताप उसळला, आणि गृहमंत्री मर्लिन रीझ यांना हा प्रकार थांबवावा लागला. एका अधिकाऱ्याचा अतिरेक म्हणून तो सोडून देण्याजोगा नव्हता. सरकारी दफ्तरातील कागद संशोधकांनी पुढे धुंडाळले, तेव्हा २०११ साली उघड झाले की, भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही १९७० नंतरच्या दशकात किमान ८० स्त्रियांना या तपासणीला तोंड द्यावे लागले होते.

बायकांच्या शरीराची तपासणी थांबली. मनाची सुरू झाली. १९८०च्या नियमांत 'विवाहाचा मुख्य हेतू' ही अट शिरली, आणि १९८३ मध्ये पुराव्याचे ओझे अर्जदारावर टाकले गेले. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे इकडच्या नवऱ्या मुलाने सिद्ध करायचे! 'नाही' कसे सिद्ध करावे? मुलगी इकडे यायला तयार असती तर तू तिच्याशी लग्न केले असतेस का, असे विचारावे. हो म्हटले, तर मग इकडेच राहा. नाही म्हटले, तर हेतू कबूल झाला. शिवाय साहेब आपल्या चालीरीती आपल्यालाच ऐकवीत: तुमच्यात मुलगी सासरी जाते ना, मग तू तिच्या गावी कसा निघालास? चौकशीच्या टेबलापलीकडे बसलेले अधिकारी मी आयुष्यभर पाहिले आहेत. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, तो प्रश्न नसतो.

याच नियमांविरुद्ध तीन स्त्रिया स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. पुरुषाला बायको आणता येते, मग आम्हांला नवरा का नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने तो मान्य केला. सरकारने काय करावे? समानता आणली, पण नवऱ्यांच्या अटी सैल करून नव्हे, तर त्याच अटी बायकांनाही लावून! समान वेतनाची मागणी केली असता मालकाने पुरुषांचा पगार उतरवून बायकांइतका करावा, असाच हा न्याय झाला. ती 'हेतू'ची अट जायला जून १९९७ उजाडला. त्याच वर्षी, कायद्याने ज्यांना लग्न करता येत नव्हते अशा जोडीदारांनाही प्रथमच सवलत मिळाली.

त्यानंतर मोजमाप बदलले. ९ जुलै २०१२ पासून जोडीदार बोलावणाऱ्याची वार्षिक मिळकत १८,६०० पौंड तरी हवी असे ठरले; ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ती २९,००० झाली. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट तत्त्वतः ग्राह्य धरली, मात्र मुलांच्या हिताकडे पुरेसे लक्ष दिले नाही म्हणून सरकारला ठपकाही दिला. पगारपत्रक निदान मनात डोकावत नाही, हे मी मानतो. पण झाडूवालीने किंवा हॉटेलातल्या वाढप्याने नवराबायको एकत्र राहण्याचा हक्क पगारवाढीतून मिळवायचा, हे मला पटत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. भेटीचा व्हिसा साधारणपणे एका वेळी सहा महिने राहू देतो. त्यावर तिकडे लग्न लावता येत नाही. लग्न लावून परत यायचे असेल तर त्याचा निराळा व्हिसा असतो. लग्न करून तिथेच राहायचे असेल, तर वाग्दत्ताचा व्हिसा सहा महिन्यांचा. त्यावर नोकरी चालत नाही, पण लग्नानंतर तिथूनच पुढचा अर्ज करता येतो. लग्न आधीच झाले असेल तर इथून जोडीदाराचा व्हिसा काढावा. तो पहिल्यांदा दोन वर्षे नऊ महिन्यांचा मिळतो.

भेटीला म्हणून गेलेल्याला तिथल्या तिथे जोडीदाराचा व्हिसा करून घेता येत नाही. त्याला परत यावे लागते. 'सहा महिने जाऊन पाहू' म्हणणारे वडीलधारे नेमके हेच विसरतात. तिकडे जोडीदार असणे हा भेटीच्या अर्जातला दोष नव्हे; तो लपवणे हा दोष आहे, आणि खोटी माहिती सापडली तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. म्हणून नाते स्पष्ट लिहावे, आणि इकडची नोकरी, घर, परतीची तारीख यांचे कागद सोबत जोडावेत. सहा महिने राहून आठ दिवस मायदेशी यायचे आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी जायचे, ही युक्तीही चालत नाही. अशा लागोपाठच्या भेटींना तिथला नियम भेट मानत नाही, वास्तव्य मानतो.