मेलेल्या उंदरांचा माग

१८९६च्या पावसाळ्यात मुंबई बंदरालगतच्या मांडवीत, धान्याच्या वखारींत उंदीर पडू लागले. मागोमाग माणसं तापाने फणफणली. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत खेळ आटोपायचा. सप्टेंबरात, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं.

रोगाचा जंतू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो माणसात कसा शिरतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. संशय घाणीवर आणि कोंदट हवेवर. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी सोडलं गेलं, कार्बोलिक ओतलं गेलं, घरांना चुना फासला गेला आणि रोग्यांना उचलून इस्पितळात नेलं गेलं. ऑक्टोबरात चिडलेल्या गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात रोगी शोधायला गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले. ज्या घरांच्या मदतीवाचून साथ आटोक्यात येणं शक्य नव्हतं, तीच घरं रोगी लपवू लागली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्याजवळ मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या होत्या. सक्तीच्या त्या दिवसांत माणसाला माणूस म्हणून हात देणारं काम कुठे चाललं होतं, हे त्यावरून कळतं.

खरा धागा उंदरांकडेच होता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणं अशक्य होतं. तरीही दुसरा उंदीर प्लेगनेच मेला. पण उंदरांवरच्या पिसवाच रोग पसरवतात, हे सिमाँचं म्हणणं वर्षानुवर्षं बहुतेकांनी उडवून लावलं.

त्याची कसून तपासणी झाली ती मुंबईत. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी परळला उभारलेल्या प्रयोगशाळेत १९०५पासून प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या नव्या आयोगाचं काम सुरू झालं. प्लेग झालेल्या घरांत गिनिपिगांचे पिंजरे ठेवले गेले. बारीक जाळीआडचे प्राणी वाचले. शेजारी उघड्यावर असलेले मेले. हवा तीच, जमीन तीच, फरक फक्त पिसवांचा.

शिवाय शहरभरातून लाखाहून अधिक उंदीर गोळा करून ते चिरून तपासले गेले. त्यातून साथीचं वेळापत्रकच हाती आलं. आधी गटारांतले तपकिरी उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी घरातले काळे उंदीर आणि आणखी दहा-चौदा दिवसांनी माणसं. म्हणजे घरात उंदीर पडल्यावर जागा सोडायला हाताशी जेमतेम दोन आठवडे असत.